फळीवरचा पब्लिसिटी ऑफिसर

१८ जून १९७३, सोमवार
नोकरी लागली. म्हणजे उमेदवारी. पण आप्पासाहेबांनी स्वतः हात मिळवला, तेव्हा नोकरीच धरायला हरकत नाही.
हुद्दा : पब्लिसिटी ऑफिसर (कच्चा). ‘कच्चा’ हा शब्द त्यांचा. यापुढे लिहिणार नाही.
आप्पासाहेबांची नगरात लाकडाची वखार आहे. त्यांच्या अमेरिकेतल्या पुतण्यानं चार चाकांची एक फळी पाठवली. तिकडची पोरं म्हणे तिच्यावर उभी राहून रस्त्यानं सुसाट जातात. तिला स्केटबोर्ड म्हणतात. आप्पासाहेबांनी सागवान कापून, गॅरेजातली जुनी बेअरिंगं बसवून तशीच एक करून पाहिली. चालली. मग ढीगभर केल्या. आता त्या विकायच्यात. तिथं मी.
पगार नाही, अनुभव आहे. बी.कॉम. थर्ड क्लासला या गावात अनुभवसुद्धा कुणी देऊ केला नव्हता.
संध्याकाळी अक्काला सांगितलं. (मी तिच्याकडेच राहतो.) दाजी एस.टी.त कंडक्टर, त्यांना तिकिटापलीकडचं दिसत नाही. पगार विचारला. मी म्हणालो, स्कोप आहे. तर म्हणतात, “स्कोप म्हैन्याच्या म्हैन्याला देत्यात का सा म्हैन्यांनी?”
संकल्प : रोज पाचला उठणे. इंग्रजी पेपर वाचणे. रविवारपर्यंत फळी चालवायला शिकणे. दिवाळीपर्यंत पगारी ऑफिसर होणे.

१९ जून, सकाळी साडेआठ
पाचला उठलो होतो. बाहेर अंधार होता. अंधारात पेपर वाचता येत नाही.

२४ जून, रविवार
वखारीच्या आवारात प्रॅक्टिस. कंपनीचा टेम्पो चालवणारा जालिंदर मला धरायला होता. मुलगा साधा आहे, आमच्यातलाच, पण अ‍ॅम्बिशन नाही.
पडलो. वारा फार होता. वखारीला चारी बाजूंनी भिंती आहेत, तरी वारा आत येतो आणि तिथंच फिरत राहतो.
मी कोपर धुवायला गेलो तेवढ्यात जालिंदर फळीवर चढून आवारभर दोन चकरा मारून आला. त्याला ड्रायव्हिंगची सवय आहे. तो गुण त्याचा नाही, टेम्पोचा.
निष्कर्ष : पब्लिसिटी ऑफिसरनं फळी चालवलीच पाहिजे असं नाही. साबण विकणारा भर बाजारात आंघोळ करत नाही.

२ जुलै
आप्पासाहेबांपुढे माझी स्कीम मांडली. दुष्काळी कामांवर जिल्ह्यात जिकडंतिकडं नवे रस्ते होतायत. रस्ते म्हणजे आपलं मार्केट. थोडक्यात, सरकार आपल्यासाठी खर्च करतंय.
आप्पासाहेब म्हणाले, “खडीचे रस्ते हायेत ते. फळी चालंल का?”
म्हणालो, डांबर येईल.
“कवा?”
म्हणालो, ते सरकारचं डिपार्टमेंट. माझं पब्लिसिटी.
बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. इंप्रेशन पडलं.

९ जुलै, नेवासा
शाळेच्या पटांगणात भाषण. ‘तरुणांनो, वेगवान व्हा!’ टाळ्या मिळाल्या. नंतर कळलं, तास बुडाला म्हणून होत्या.
एक म्हातारे पुढे आले. फळी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, “माउलींनी हितं ज्ञानेश्वरी सांगितली. त्यांनी बिनचाकाची भिंत चालवली. तू चाकं लावून फळी चालवतो, त्याचं काय कवतिक?”
यावर कॉमर्सच्या अभ्यासक्रमात उत्तर नाही.
पोरं म्हणाली, सर, चालवून दाखवा. म्हणालो, वेळ संपली.
विक्री नाही. नेवाशाचं मार्केट भक्तिमार्गी आहे.

२६ जुलै, कोल्हार
घरी आलो. सँपल दाखवायला आणलं होतं. मी हातपाय धुतोय तोवर आईनं त्यावर पाण्याचं पिंप ठेवलं आणि दोरी बांधून ओट्यापर्यंत ओढत नेलं. म्हणाली, “लई गुनाची हाय गं बाई.” मी पिंप उतरवून घेतलं. तिला समजावलं की अमेरिकेत यावर पिंप ठेवत नाहीत. ती म्हणाली, “त्यांच्याकडं नळ आसतील.”
वडिलांनी स्पष्ट सांगितलं : दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर कांद्याला माणूस हवाच आहे.
एक स्थळ निघालंय. मिरजगावचे पुंजारामशेट, भुसाराची आडत. मुलगी भामाबाई, अकरावी पास. दाजींची गाडी मिरजगाववरूनच जाते, त्यांनीच सुचवलं. वडिलांनी निरोप धाडला, मुलगा नगरला कंपनीत ऑफिसर आहे. ‘कच्चा’ गाळलं. वडील असावेत तर असे.
संकल्प : पुढचं डेमॉन्स्ट्रेशन मिरजगावला. एका दगडात दोन पक्षी.

१४ ऑगस्ट, मिरजगाव
ऐतिहासिक दिवस.
बाजार भरलेला. हायवेवरून बाजारात उतरणारा रस्ता डांबरी, मस्त उताराचा. खाली समोरच पुंजारामशेटांची आडत. ठरल्याप्रमाणे मी लाउडस्पीकरवर बोलायचं आणि जालिंदरनं फळी चालवायची. पण आडतीच्या माडीवर हिरव्या साडीतली मुलगी दिसली. बी.कॉम. झालेल्यानं माइक धरून उभं राहावं आणि ड्रायव्हरनं टाळ्या घ्याव्यात, हे मनाला पटेना. माइक जालिंदरच्या हातात दिला.
निघालो. सुरुवात फार चांगली झाली.
मध्ये एक शेळी आली. शेळीला ट्रॅफिक सेन्स नसतो. मी लंकाबाई नावाच्या माळव्यावालीच्या वांग्यांत उतरलो. ती ओरडली, “आरं मुडद्या, डोळं हायेत का बटनं?” हे सगळं लाउडस्पीकरवर गेलं, कारण जालिंदर माइक घेऊनच धावत आला होता.
माझ्याशिवाय फळी मात्र थेट खाली गेली आणि आडतीच्या पायरीशी जाऊन थांबली. पुंजारामशेटांनी तिच्यावर पाय ठेवला, मागंपुढं हलवून पाहिली. म्हणाले, “गाडा झ्याक हाय. वर मानूस नसला तर सरळ जातो.”
घरात नेऊन बसवलं. भामाबाई हळदीची वाटी घेऊन आल्या. माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. लाजल्या असाव्यात. वाटी जालिंदरच्या हातात दिली, हळद त्यानं लावली. मर्यादाशील मुलगी. ज्याच्याशी लग्न करायचं त्याला आधी हात कसा लावणार?
गर्दी अभूतपूर्व.

१५ ऑगस्ट
उभ्यानं लिहितोय. बसता येत नाही.
काल लाउडस्पीकर आडतीवरच विसरला. जालिंदर आणायला सकाळीच गेला, दिवस मावळता आला. विचारलं तर म्हणाला, चहा घ्यायला लावला. कुणी केला? भामाबाईंनी. माझ्याबद्दल काही विचारलं? आठवून म्हणाला, “गुडघा कसा हाय म्हनल्या.”
गुडघा! वाक्य लहान आहे, पण त्यामागचं पाहावं.
दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, “शेळीचं बी विचारलं आसंल.”

३ सप्टेंबर
पुंजारामशेटांचा निरोप : फळ्या रुंद करून, पुढं दोर लावून द्या. पोती हलवायला घेतो. बाजारातले बाकीचे आडतदारही मागतायत.
स्पष्ट नकार कळवला. हे तरुणांच्या खेळाचं साधन आहे, त्याला हमालाच्या पातळीवर आणता येणार नाही. होणाऱ्या सासऱ्याला नाही म्हणायला छाती लागते. उलट त्यांना माझं पाणी कळलं असेल.

५ सप्टेंबर
आप्पासाहेबांना जालिंदरकडून कळलं. मला बोलावलं. “आरं, आजपातूर एक फळी खपली न्हाई. आनि गिऱ्हाईक आपल्या पायानं आलं तर तू त्याला वाटंला लावतो?”
मी त्यांना प्रेस्टिज म्हणजे काय ते समजावलं.
आप्पासाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, डोकं दोन्ही हातांत धरून बसले. विचारात पडले. पटलं असावं.

२१ सप्टेंबर
वखारीवरच्या पाटीवर ‘गरुड स्केटबोर्ड’ पुसून ‘गरुड पोतीगाडे’ रंगवलं. मला न विचारता. गरुड तोच ठेवलाय, पण त्याच्या पाठीवर आता पोतं आहे.
पब्लिसिटी डिपार्टमेंट तात्पुरतं बंद. आप्पासाहेब म्हणाले, आता सांगावं लागत नाही, लोक आपणहून येतात. माझी बदली दोर बांधायला. मी या खात्याला फिनिशिंग म्हणतो. ऑफिसरला सगळी खाती माहीत असावी लागतात, म्हणून फिरवतायत.
हाताला घट्टे पडलेत. अक्कानं खोबरेल लावून दिलं. म्हणाली, “घरी कांदं लावलं आसतं तर हेच घट्टं पडलं आसतं, पर निदान बा खूश झाला आसता.” तिला करिअरमधलं कळत नाही.

७ ऑक्टोबर
जालिंदर परत मिरजगावला. म्हणे गाड्यांच्या चाकांना वंगण द्यायचंय. मागच्या आठवड्यातही दिलं होतं. आपला माल इतका वंगण खात असेल तर आप्पासाहेबांच्या कानावर घालायला हवं.
येताना शेंगदाण्याचे लाडू आणले. भामाबाईंनी ‘वाटंत खायला’ दिले म्हणाला. त्यानं मला एक दिला. सगळे माझ्यासाठीच असणार, पण मुलगी नाव कसं घेणार? जालिंदरला भूक लागली, त्यानं बाकीचे संपवले. त्याला मोठ्या मनानं माफ केलं.
अलीकडे तो रोज दाढी करतो. केसाला वासाचं तेल लावतो. माझ्या सहवासानं त्याची पर्सनॅलिटी सुधारत चाललीय.

२८ ऑक्टोबर
दिवाळी झाली. आप्पासाहेबांनी फराळाचं ताट दिलं आणि विचारलं, “मग, अनुभव पुरंसा झाला का?”
म्हणालो, अजून थोडा घेतो.
म्हणाले, “घे, पर दोर तेवढा घट्ट बांधत जा. कालचा गाडा हायवेवर सुटला.”
वडिलांचा निरोप आलाय : कांद्याचं रोप तयार आहे. उत्तर दिलं नाही. योग्य वेळी शुभवार्ताच कळवीन.

६ नोव्हेंबर
विजय!
कानिफनाथ म्हणून दाजींच्या डेपोतले कंडक्टर मिरजगावहून निरोप घेऊन आले. शब्द जसेच्या तसे : “पुंजारामशेटला कंपनीतला मुलगा पसंत हाय. रविवारी साखरपुडा. समद्यांनी या.”
म्हणजे त्या उतारावरचं धाडस वाया गेलं नाही. आणि त्या नकारातला बाणेदारपणा!
अक्का भुवया चढवून म्हणाली, “कंचा मुलगा? नाव न्हाई का सांगितलं?” म्हणालो, कंपनीत मुलं आहेत किती? बाकी सगळे पन्नाशीचे. जालिंदर काय, तो ड्रायव्हर. दाजी नुसती तिकिटांची पेटी पुसत बसले. जळतात.
कोल्हारला निरोप धाडला. कापडबाजारात जाऊन सूट शिवायला टाकला, राखाडी. शिंप्याला अर्जंट म्हणून सांगितलं.
जालिंदर वखारीत भेटला. मान खाली घालून म्हणाला, “श्रीमंतराव, रविवारी तुमी पायजेच.” म्हणालो, अरे वेड्या, माझ्याशिवाय कसं होईल? त्यानं माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं. इतकी माया मी ओळखली नव्हती. पगारी झाल्यावर त्याच्यासाठी आप्पासाहेबांकडे शब्द टाकीन.

११ नोव्हेंबर, रविवार, मिरजगाव
जालिंदर.

त्याचे आईवडील आधीच येऊन बसले होते. शेजारी आप्पासाहेब. मी सूट घालून दारात. पुंजारामशेट लगबगीनं पुढे आले, माझा हात धरून आत नेलं आणि पाहुण्यांना म्हणाले, “हेच ते. ह्ये वांग्यांत पडले म्हनून तर जालिंदरची वळख झाली!” सगळे हसले. चांगल्या मनानं हसले. त्याचंच वाईट वाटलं.
आईला उशिरा समजलं. तिनं ओटीचं सामान आणलं होतं, ते पदराखाली धरून बसली. वडिलांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मग छताकडे. बोलले असते तर बरं झालं असतं.
दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, सहा तारखेलाच शंका आली होती. मग सांगितलं का नाही? म्हणाले, “म्हटलं, चार दिवस तरी खुशीत ऱ्हाऊ दे.” पहिल्यांदाच दाजींच्या बोलण्यात टोमणा नव्हता.
टेम्पो वाटेत बिघडला होता म्हणून जालिंदरच्या सदऱ्याला काळं ग्रीस लागलेलं. मुहूर्ताची वेळ. त्याची आई रडकुंडीला आली. सगळ्यांची नजर माझ्या कोटावर. काढून दिला. खांद्यात त्याला थोडा सैल झाला, पण दिसत होता चांगला. माझ्यापेक्षा.
साखर वाटली. पंगत बसली. वाढायला माणसं कमी होती, मी बाही वर केली. ऑफिसरला सगळी खाती, वगैरे.
भामाबाई बायकांच्या पंगतीत होत्या. मी बुंदी घेऊन समोर गेलो तशी त्यांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.
म्हणाल्या, “भाऊ, आदी पानी आना.”
आणलं.