हत्तीचा डावा कान

नाशिक, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५६

चौकातल्या दगडी हत्तीची आज तपासणी झाली. लॉरीच्या धडकेने त्याचा उजवा कान तुटला, तेव्हाच मुनसिपालटीने त्याला हलवायचं ठरवलं होतं. आमच्या आबांनी घडवलेला हत्ती! मी हट्टाने नवा कान घडवून बसवला. काम पसंत पडलं तरच हत्ती राहणार होता.

ओव्हरसियर साहेबांनी दोन्ही कानांवरून हात फिरवला. मग डावा कान चिमटीत धरून म्हणाले, "मिस्त्री, हा तुझा ना? लगेच कळतं. जुन्या कारागिराचा हात नाही याला. जाड झालाय. पण असू दे, राहू दे हत्ती."

डावा! डावा तर आबांचा!

मी तोंड उघडणार तोच कासमचाचांनी माझ्या पायावर पाय दिला. आबांच्या जोडीने हाच हत्ती बसवलेले गवंडी ते. मी म्हटलं, "होय साहेब, चुकलंच."

साहेब गेल्यावर चाचा म्हणाले, "तुझ्या बापाचा कान जाडच होता. मी तेव्हाच बोललो होतो, ऐकतो कोण!"

खरं सांगायला हवं होतं का? आबांना काय वाटलं असतं? पण उजव्या कानाचा सांधा साहेबांना सापडला नाही. येताना मीसुद्धा बोटाने चाचपून पाहिला, मलाही चटकन सापडेना.

शिकत होतो तेव्हा दगड जाड ठेवला की आबा माझा कान पिळायचे. आज भर चौकात त्यांचा पिळला गेला.

आबा, फिटंफाट!