साक्षीदाराची सिगारेट

४ फेब्रुवारी

ति. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी आलं असतं तर मामीने आधी वाचलं असतं, आणि यात तुझ्या सिगारेटचा विषय आहे.

आमच्या लग्नाची नोंदणी ३० मार्चला आहे. समारंभ नाही. एक टेबल, एक रजिस्टर आणि दोन साक्षीदार. एक त्याची बहीण, दुसरा तू. तिकीट सोबत जोडलं आहे. आजीला एकटं ठेवून मामीला निघता येणार नाही असं तिने कळवलं, म्हणून एकच काढलं. तू आला नाहीस तरी अडणार नाही. कचेरीतला शिपाई साक्षीदार म्हणून सही करतो. फक्त माहितीसाठी लिहिलं.

आता तयारी. विमान सलग अकरा तास उडतं. आत सिगारेट ओढता येत नाही, आणि विमानतळावर तपासणी होऊन पुढे गेलं की तिथेही बहुधा नाहीच. लायटर मोठ्या बॅगेत टाकू नकोस. पाकिटं किती आणायची यावर इथल्या कस्टमची मर्यादा आहे, तेव्हा खोकेच्या खोके आणू नकोस. निकोटिनचं च्युइंगम पाठवते आहे. पुड्यावरच्या सूचना वाच. तू वाचणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहिलं.

मी बरी आहे. सध्या एका हॉटेलातले धुराचे अलार्म तपासते आहे. प्रत्येक खोलीत शिडी लावायची, डब्यातला खोटा धूर सोडायचा, अलार्म ओरडला की खूण करायची आणि पुढच्या खोलीत जायचं.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवण्याची तसदी घेऊ नये.

तुझी भाची


१७ फेब्रुवारी

चि. सौ. कां. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तिकीट पोचलं. गल्ल्यात ठेवलंय आणि दर गिऱ्हाइकागणिक एकदा बघतोय. फार आनंद झाला, पण मोजपट्टे, अडचणी आहेत. शाळांचे गणवेश डोक्यावर आलेत. गुडघा बोलतोय. शिवाय पासपोर्टातल्या फोटोत मी माझ्यासारखा दिसत नाही, वाटेत अडवतील. तुझी मामी म्हणते की अडवतीलच, फोटोत मी बरा दिसतोय.

तुझं च्युइंगम खाल्लं. च्युइंगम चावतात तसं चावलं. नेमकं शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं माप घेताना उचकी लागली, ती त्या घरी जाईपर्यंत थांबेना. दर उचकीला टेप सरकायची. त्यांचा कोट बेतून तयार आहे, पण तो आता त्यांच्या थोरल्या बहिणीला होईल.

एक चांगली बातमी आहे. आपले खलाशी, ते जहाजावरून निवृत्त झालेले आणि रोज दुकानात गप्पा मारायला येणारे, सांगत होते की विमानाच्या संडासात चक्क राखदाणी असते. राखदाणी ठेवायची आणि वर मनाई करायची, हे कुठलं शहाणपण? माणसाने समजून घ्यायचं असतं. राहिला तिथला धुराचा अलार्म. ते तर तुझंच खातं. त्याला ओला रुमाल बांधला तर तो ओरडतो का, एवढं कळव. तू घरची म्हणून विचारतोय.

लोभ आहेच, त्याची काळजी नको. अलार्मचं तेवढं बघ.

तुझा मामा


२६ फेब्रुवारी

ति. मामास,
सा. न. वि. वि.

राखदाणी असते. मनाई असली तरी कुणीतरी ओढणारच, हे विमान बनवणाऱ्यांना माहीत आहे. त्याने थोटूक कागदांच्या टोपलीत टाकून विमान पेटवू नये म्हणून ती ठेवतात. ती परवानगी नाही, तुझ्यासारख्यांबद्दलचा अंदाज आहे.

ओल्या रुमालाबद्दल उत्तर देणार नाही. अलार्म झाकणाऱ्यांची नावं वर कळवणं हे माझं काम आहे, आणि तुझं नाव मला पाठ आहे.

च्युइंगम सारखं चावायचं नसतं. थोडं चाव. जिभेला मिरीसारखी झणझण लागली की थांब आणि गालात सारून ठेव. झणझण गेली की पुन्हा. सकाळच्या चहानंतरची सिगारेट सोडणं सगळ्यात अवघड असतं, म्हणून चहा उभ्याने पिऊ नकोस, बसून पी आणि कप लगेच विसळायला घे. हात रिकामा राहिला की काय करायचं सुचत नाही, खिशात खडू ठेव. दुसऱ्या दिवशी कुणी प्रेमाने बोललं तरी संताप येतो. तो खरा समजू नकोस.

माझा राखाडी कोट वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. अस्तर फाटलंय, ते बदल. नोंदणीला तोच घालणार आहे. नवीन शिवू नकोस. येताना घेऊन ये. येणार नसशील तर पोस्टाने पाठव.

गणवेश मामी दोन कारागिरांकडून करून घेणार आहे. गुडघा विमानात बसूनच असतो. तेव्हा उरलेलं कारण काय ते कळव, आणि लोभ शाबूत ठेव.

तुझी भाची


७ मार्च

चि. मोजपट्टीस,
मामीचे अनेक आशीर्वाद.

दुकानात आलेली पत्रं मी झाडलोट करताना वाचते. यांना वाटतं मला दिवसाच्या दोनच माहीत आहेत. वाटू दे.

तुला कळवायचं म्हणजे, रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीतून विमान उडालं. यांनीच काढलेली कल्पना. जेवणाच्या खुर्च्या ओळीत लावल्या. मधे हे, खिडकीशी माझी आई, म्हणजे तुझी आजी, पलीकडे खलाशी. कमरेला मापाची टेप बांधून घेतली, तो पट्टा. मी ट्रेमधून जेवण दिलं, तर म्हणाले विमानात इतकं गरम देत नाहीत. खलाशी यांच्या खांद्यावर डोकं टाकून घोरले, ते मात्र अगदी खऱ्यासारखं.

दुपारपर्यंत विमान नीट चाललं. मग हे पाय मोकळे करायला म्हणून उठले आणि न्हाणीघरात गेले. आईला ऐकू कमी येतं, पण नाक शाबूत आहे. ती आग आग करून उठली. वरचे लोक जिन्याने खाली, खालचे बादल्या घेऊन वर. खलाशी सगळ्यांच्या आधी रस्त्यावर पोचले. इतकी वर्षं जहाजावर काय केलं देव जाणे. शेजारच्या दाताच्या डॉक्टरांनी दार न ठोठावता वरच्या झरोक्यातून बादली रिकामी केली.

हे निथळत बाहेर आले आणि म्हणाले, मी जाणार नाही. मी हसण्यावारी नेलं, पण हे रात्री जेवले नाहीत. म्हणाले, घरात निभलं नाही ते विमानात काय निभणार. धूर पकडायची नोकरी करणारी पोर, आणि तिच्या मामाला धुरापायी पोलीस उतरवून नेणार, तेही तिच्या सासरच्यांसमोर. त्यापेक्षा शिपायाने सही केलेली बरी. हे म्हणताना तोंड असं झालं होतं की मीच उठून माचिस शोधायला लागले.

तो शिपाई यांच्या मनाला फार लागलाय गं. तू अशी कोरडी लिहितेस, आणि हे तसंच वाचतात. एक ओळ लिही की मामा, तू ये. एवढीच.

प्रेम आहे हे मी लिहून देते, तूही कधीतरी द्यावंस.

तुझी मामी


९ मार्च

चि. सौ. कां. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

कोट पोचला. पोस्टानेच परत पाठवायचा म्हणून काल अस्तर उसवायला घेतलं. अस्तर उसवण्याआधी मी खिसे उलटे करतो, धंद्याची सवय.

उजव्या खिशाच्या शिवणीत तंबाखूचा भुगा होता. ताजा. डाव्या बाहीच्या काठाला भाजल्याचं भोक. तू त्याच रंगाच्या धाग्याने भरलंयस आणि टाका चांगला आहे, असणारच, मी शिकवलेला. पण भाजलेल्या कापडाची काळी कड आधी कापून काढायची असते. ते शिकवायचं राहून गेलं होतं. तेव्हा तू दहा वर्षांची होतीस.

आधी वाटलं, तुमच्या त्या डब्यातल्या धुराचं असेल. पण खोट्या धुराने लोकर जळत नाही. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. मिरीसारखी झणझण. चहा बसून प्यायचा. दुसऱ्या दिवशीचा संताप. पुड्यावरच्या सूचनाही आज वाचल्या, त्यात झणझण आहे, पण चहा आणि संताप नाही.

तुला चांगलं खरमरीत लिहायला बसलो. विचार करायला एक पेटवली. मग तिच्याकडे बघून काही सुचेना, म्हणून विझवली.

मी येतोय. शिपायाला सांग, दुसरं काम बघ. मात्र अट आहे. १९ तारखेला निघताना मी दुकानाला कुलूप लावलं की त्या क्षणापासून दोघांचं बंद. माझ्या सामानात पाकीट नसेल, तुझ्या घरात नसावं. आधी जो पेटवेल त्याने मामीला स्वतःच्या हाताने पत्र लिहून कळवायचं.

बाहीचं भोक नीट भरलंय. आता शोधूनही सापडणार नाही.

लोभ आहे, रागही आहे. दोन्ही समक्ष.

तुझा मामा


१४ मार्च

ति. मामास,
सा. न. वि. वि.

कोटाबद्दलचं निरीक्षण बरोबर आहे. अट मान्य. शिपायाला कळवलं.

मामा, तू ये.

तुझी भाची


३१ मार्च

ति. मामीस,
सा. न. वि. वि.

काल लग्न झालं. तू विचारशील म्हणून क्रमाने लिहिते.

विमानात मामा नीट आला. जागेवर बसवेना म्हणून त्याने सुईदोरा काढला आणि ओळीतल्या सगळ्यांची सुटलेली बटणं लावून दिली. शेवटी जेवण वाढणाऱ्या बाईंनी आपल्या जाकिटाची बाही उसवल्याचं दाखवलं. उतरताना त्याला दारापर्यंत पोचवायला तिघी आल्या होत्या.

घरी मात्र आम्ही दोघं कुणालाही सहन होण्यासारखे नव्हतो. त्याने माझे सगळे ड्रॉवर पुन्हा लावले. मी ते पूर्ववत केले. टॉवेलची घडी उभी की आडवी यावरून आम्ही दोन दिवस बोललो नाही. तुझा जावई सुट्टीच्या दिवशीही कामावर जाऊन बसला. जिन्यात कुणी सिगारेट ओढत गेलं की आम्ही दोघं एकाच वेळी दाराशी येऊन उभे राहायचो, आणि एकमेकांना बघून पुन्हा आत जायचो. पेटवली मात्र कुणीच नाही. तुला तसं पत्र लिहिण्यापेक्षा ते सोपं होतं.

नोंदणीच्या खोलीत आमचे चेहरे बघून अधिकारीबाईंनी मला बाजूला घेतलं आणि हे लग्न माझ्या मर्जीनेच होतंय ना, असं हळूच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून त्यांनी मामाकडे बघून विचारलं की हे गृहस्थ जबरदस्ती करताहेत का. मामाला ते ऐकू गेलं. तो म्हणाला की या पोरीवर जबरदस्ती करून दाखवणारा माणूस असेल तर आपण त्याला सूट फुकट शिवून देऊ. मग त्या हसल्या आणि रजिस्टर उघडलं.

सही करताना मामाचा हात थरथरत होता. पेन दोनदा टेकवलं आणि दोनदा उचललं. तंबाखू सुटली की असं होतं, असं त्याने कुणी न विचारता सगळ्यांना सांगितलं. मी मान डोलावली. त्याच सकाळी त्याने जावयाच्या शर्टाला बटण लावलं होतं, सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवून. ती थरथर पहिल्या आठवड्यातच ओसरते, हेही मला माहीत आहे.

नंतर माझी सही होती. माझी रेघ त्याच्यापेक्षा वाकडी आली आहे. मीही तेच कारण सांगितलं, आणि त्याने मान डोलावली.

आजीला नमस्कार सांग. मामा शनिवारी निघतो. आठवडाभर आणखी राहिला असता तर चाललं असतं, हे त्याला सांगितलं नाही, तुला लिहिते आहे.

तुझी,
मोजपट्टी