पंखा लावला तर ज्योत विझते

इटावा, २२ मे १९९६

चि. सतपाल यास विमलेश जिजीचे अ. उ. आ. वि. वि.

आशीर्वाद उरकले, आता नीट वाच. परवा तुमच्या गल्लीतला रामबरन इथे बाजारात भेटला. म्हणाला, तुझी बायको दुपारी दिव्यापाशी बसल्या बसल्या ओकली, पायांत गोळे आले, आणि तोंड धुऊन पुन्हा ज्योतीवर काचेच्या बांगड्यांची टोकं जोडायला बसली. खरं का हे? जेठ महिन्यातली रखरखीत दुपार, खिडकी बंद, पंखा बंद आणि नाकासमोर रॉकेलची ज्योत! लाज कशी वाटत नाही रे तुला?

पंखा लावला की ज्योत हलते आणि काच जुळत नाही, हे मला शिकवू नकोस. त्याच खोलीत मीही वाढलेय. मग पहाटे बसा, ऊन चढलं की दिवे विझवा. कुसमाला तहानेची वाट न बघता मीठ-साखरेचं पाणी दे, पन्हं दे. गल्लीच्या टोकाला संडासात जावं लागतं म्हणून ती पाणीच पीत नसणार, पण ते तुला कशाला कळेल? डोकं दुखलं, मळमळलं, गोळे आले की काम तिथेच थांबवायचं. अंग तापलं आणि माणूस बरळायला लागलं तर तो साधा ताप नव्हे, ऊन बाधलेलं असतं. बाबूजी काचेच्या भट्टीवरून तसेच घरी आले होते. घाम निघाला की ताप उतरेल म्हणून अम्माने त्यांच्यावर रजई घातली, आणि दिवेलागणीला बाबूजी गेले. तेव्हा तू लहान होतास. आता नाहीस.

अम्माला नमस्कार. राग आला तर येऊ दे, पण लोभ तोडू नकोस.

तुझी जिजी

फिरोजाबाद, ३० मे

ती. विमलेश जिजीस सतपालचा शि. सा. न. वि. वि.

पत्र अम्माला वाचून दाखवलं. रजईचं ऐकून ती दोन दिवस माझ्यावरच धुमसत होती, म्हणजे तुझा राग मलाच भोवला. जिजी, इटाव्यात पंख्याखाली बसून हुकूम सोडायला काय जातं? सावनात सगळ्या मुलखाला हिरव्या बांगड्या हव्या असतात, त्या जेठातच जोडाव्या लागतात. ठेकेदार माल सकाळी टाकतो आणि संध्याकाळी उचलतो, त्याला पहाट कुठून सांगू? गल्लीत घरोघरी बायका बसतात. कुसमा काय मेणाची आहे? ती स्वतःच म्हणते, काही होत नाही. रामबरनला दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोडच आहे.

जिजाजींना पायलागू. रागाव, पण मायेत काटकसर करू नकोस.

तुझा सतपाल

फिरोजाबाद, ९ जून

ती. जिजीस सा. न.

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे. काल दुपारी कुसमा दिव्यावरच कलंडली. पदर पेटता पेटता वाचला. मला ओळखेना, वडील समजून बापू म्हणाली आणि माहेरच्या म्हशी सोडायला निघाली. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. तुझं पत्र ऐकूनही अम्मा रजईच घेऊन धावली. ती मी तिच्या हातून हिसकावून बाहेर फेकली. खिडकी उघडली, पंखा लावला, अंगावर बादल्या ओतल्या, मानेला-काखेत ओली फडकी ठेवली आणि हातगाडीवर घालून इस्पितळात नेलं. शेजारीण तिच्या तोंडात पाणी घालत होती हे कळल्यावर डॉक्टर भडकलेच, शुद्ध नसताना पाणी फुफ्फुसात जातं म्हणाले. पण अंग गार करून आणलंत म्हणून वाचली, असंही म्हणाले.

तुझं पत्र आठवलं, म्हणून हे सुचलं. सकाळी ती अगदी ठीक होती गं. कळलंच नाही कुणाला. शिव्या दे, पण माया असू दे.

सतपाल

फिरोजाबाद, १७ जून

ती. जिजींस कुसमाचं पायलागू. वि. वि.

मी बरी आहे. उभं राहताना भिंत धरावी लागते, एवढंच. यांनी तुम्हाला लिहिलं की कुणाला कळलंच नाही. साफ खोटं. डोकं फुटतंय म्हणून त्या दिवशी मी दोनदा उठले होते. दोन्ही वेळा हे म्हणाले, एवढा बांगड्यांचा तोडा, ही एक जुडी, संपव, मग पड. रजई फेकली ते खरं, बादल्या ओतल्या तेही खरं. त्याच हातांनी मला खाली बसवलं होतं, ते लिहायला काय झालं होतं? काही होत नाही असं मी म्हणायची, कारण होतंय म्हटलं तरी ऐकणार कोण होतं?

तुमच्यावरही माझा राग आहे, जिजी. लक्षणं, पाणी, पन्हं, सगळं तुम्ही यांना लिहिलंत. दुखणं माझं, आणि मलाच कुणी सांगितलं नाही. तुमचं पत्र मी इस्पितळातून परत आल्यावर वाचलं.

आज दुपारी डोळा लागला होता. रॉकेलच्या वासाने जाग आली. बघते तर माझ्या जागेवर माझी लेक, आपली मुनिया, तेरा वर्षांची पोर, तोंड लालबुंद. डोकं दुखतंय का विचारलं, तर म्हणाली काही होत नाही. माझ्या अंगाचा भडका उडाला. उठले आणि पंखा लावला. अम्माचा, शेजारणीचा, मुनियाचा, तिन्ही दिवे विझले. अम्मा ओरडली, हे ओरडले, ठेकेदाराचं नाव घेऊन धमकावून झालं. मी बटणावरचा हात काढला नाही.

सोमवारच्या गाडीने मुनियाला घेऊन तुमच्याकडे येते आहे. विचारत नाही, कळवते. माझ्यावर लोभ ठेवा न ठेवा, पोरीवर असू द्या.

तुमची कुसमा