ठराव नंबर नऊ

शिरूर,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय दबोराताई,

प्रभूच्या नावात तुला, विक्रमदाजींना आणि इवाला सलाम. इकडं सगळे बरे आहोत. तुझ्या भावजयीची कंबर आता ठीक आहे. घोडनदीकडनं गारठा यायला लागलाय, दौंडलाही असेलच.

आधी आनंदाची बातमी. काल उपासनेनंतर कमिटी बसली आणि तुझ्याविरुद्धचा ठराव नंबर नऊ रद्द झाला! हिंदू मुलाशी लग्न केलं म्हणून तुझं सभासदत्व काढलं होतं, चर्चमधली पेटी वाजवायला बंदी केली होती, ते सगळं पुसलं. तेरा वर्षांनी तुझं नाव रजिस्टरात पुन्हा चढलं. आता तुला अडवायची कुणाची टाप नाही.

सरळ मात्र काही झालं नाही. सायमन मास्तरांनी चर्चच्या घटनेचं पुस्तक उघडलं अन् म्हणाले, "झालेला ठराव कुणीबी उठून फिरवायचा नस्तो. ज्यानं तवा बाजूनं मत दिलं, त्यानंच फेरविचार मागायचा. हाय का कुणी?"

ठराव तेव्हा चार विरुद्ध तीन मतांनी झालेला. त्या चौघांतले आपले आप्पा गेले, दुसरे दोघेही देवाघरी गेले. चौथा हयात आहे.

काल संध्याकाळी तुला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा "जेवलीस का" एवढंच विचारून ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

ताई, चौथा मी.

मत द्यायला उभं राहायची आपली पद्धत. आप्पा उठले, माझ्याकडं बघितलं, अन् मी उठलो. कुणी धमकी दिली नाही, काही नाही. मी भ्यालो. नंतर कमिटीतलं बाहेर बोलायचं नाही, या नियमाआड तेरा वर्षं लपलो. आणि तू सगळ्यांना सांगत राहिलीस, "माझा गिदोन तेवढा माझ्या बाजूनं होता." दर नाताळला तू धाडलेल्या करंज्या मी त्याच तोंडानं खाल्ल्या. फार लाज वाटते गं.

काल मास्तरांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा उभा राहिलो. म्हणालो, "मी होतो बाजूनं. माझं चुकलं. फेरविचार मागतो." तेरा वर्षांपूर्वी ठरावाच्या विरोधात मत दिलेल्या मार्थाकाकू मोठ्यांदा म्हणाल्या, "उठलास बाबा एकदाचा! मला वाटलं, मी मरायची वाट बघतूस का काय." सगळे हसले, अन् मग सगळीच कमिटी उभी राहिली. बाहेर येऊन मी चर्चच्या पायरीवर बसून पोटभर रडलो. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पेटीची किल्ली पाकिटात घातलीय. तुझ्यामागं ती कुणी धड वाजवलीच नाही, दोन सूर बसलेत. एक डिसेंबरला रविवार आहे. राग माझ्यावर धर, तुझा हक्कच आहे, पण यायचं टाळू नकोस. मी मागच्या बाकावर असेन. तू दारातून आत आलीस की उभा राहीन, या खेपेला कुणाकडं न बघता.

तुझ्याविरुद्ध उठलेला, तरी तुझाच,
गिदोन