‘तग’ आणि त्याखालची दोन नावे

मी, जयमाला बन्सी भिंगारदिवे, वय छत्तीस, राहणार शेवगाव, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, राजीखुशीने लिहीत आहे. मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. वडिलांच्या पश्चात माझ्या नावे झालेल्या दोन खोल्यांत आई भागिरथीबाई हयातभर राहील. तिच्यानंतर त्या धाकटी बहीण प्रज्ञा हिच्या. आईला तिथून कुणी हलवू नये. तिला दुसरीकडे झोप लागत नाही.

२. संगणक व मोडेम प्रज्ञाला.

३. ‘तग’ हा प्रोग्रॅम मी व माझा भाऊ सम्राट यांनी मिळून लिहिला. शेवगावहून फोनवरून नगरच्या कॉलेजातील लिनक्स संगणकावर काम करताना लाइन तुटे आणि टर्मिनलवर चाललेले सगळे काम जाई. ‘तग’मुळे लाइन गेली तरी काम तिकडे चालू राहते, पुन्हा फोन लागला की सोडले तिथूनच हाती येते. सम्राटने तो पुण्याहून नेटवर सर्वांसाठी खुला केला. वापरा, बदला, वाटा. अट एकच, लिहिणाऱ्यांची नावे काढू नका. पुढच्याच वर्षी एसटीच्या अपघातात सम्राट गेला.

४. त्याच कॉलेजातील माझे सहकारी सहादेव वाबळे यांनी आमची दोन्ही नावे पुसून ‘तग’ स्वतःचा म्हणून एका कंपनीला विकला. मी जाब विचारला तेव्हा म्हणाले, “फुकटच वाटलंत ना मॅडम? मग नाव कशाला हवं?” गेल्या महिन्यात ते घरी आले. सगळे हक्क त्यांना दिल्याच्या कागदावर माझी सही हवी होती. आईने चहा दिला. कागद कशाचा, हे मी तिला सांगितले. ती त्यांना म्हणाली, “माझ्या पोराचं नाव न्हाई का ठिवलं त्यात? जागा किती लागती त्याला?” त्यांचा चहा तसाच निवला. मी सही केली नाही.

५. ‘तग’वरील माझे हक्क कुणा एकाला देत नाही. तो पूर्वीच्याच अटीवर सर्वांचा राहील. नावे परत घातली तर सहादेव यांनीही वापरावा. माझ्या अंत्यविधीला ते आले तर येऊ द्यावे. बोलू देऊ नये.

६. ‘तग’मध्ये एक चूक शिल्लक आहे. दोन ठिकाणांहून एकाच वेळी जोडले की तो बंद पडतो. तो भाग सम्राटचा. दुरुस्ती मला येत होती, पण त्याने लिहिलेल्या ओळी खोडायला हात धजला नाही. ज्याला जमेल त्याने त्या खुशाल खोडाव्यात आणि आमच्या खाली आपले नाव लिहावे. परवानगी विचारत बसू नये. विचारायला आम्ही दोघेही नसू.

हे सर्व पुन्हा वाचून, खालील दोघांच्या देखत सही करते.

जयमाला बन्सी भिंगारदिवे
शेवगाव, ९ फेब्रुवारी १९९९

साक्षीदार :
राम गंगाधर ढाकणे, शेजारी
रेश्मा अशोक मगर, शिक्षिका