सौनात कानाचं मशीन चालत नाही

७ जानेवारी २०१५, बुधवार
बायकोने फसवलं. हेल्मी कॉफी प्यायला जाऊ म्हणाली आणि सीनियर सेंटरमध्ये फुकट कानतपासणीच्या रांगेत नेऊन बसवलं. तपासणारी पोरगी तिशीची. म्हणे दोन्ही कान बरेच गेलेत, मशीन आत्ताच घ्या. ऐकायला मेंदूला सारखी ओढाताण करावी लागते, मग माणूस बोलणं टाळतो, एकटा पडतो आणि विसराळूपणाचा धोका वाढतो. मशीन म्हणजे हमी नाही, पण उशीर करू नका. हे सगळं मला व्यवस्थित ऐकू आलं. मग कान गेले कुठे?
खाणीत अडतीस वर्षं सुरुंग लावलेत मी. आवाज म्हणजे काय ते मला विचारा. खरी गोष्ट अशी की हेल्मी हल्ली पुटपुटते.
ठराव: मशीनचं उन्हाळ्यानंतर बघू. हेल्मीला स्पष्ट बोलायची सवय लावणे.

१० जानेवारी, शनिवार
सौना. नेहमीप्रमाणे तोइवो आणि रेनो आले. तिघेही एकाच खाणीतले, तीस वर्षं दर शनिवारी माझ्याच सौनात. उघडेबंब, काळोखात, तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घेत. दिवा लावायची पद्धत नाही. माणूस बायकोला सांगत नाही ते तिथे सांगतो. आज तोइवो बराच वेळ सांगत होता. थांबला तेव्हा मी खदाखदा हसलो. त्याचे किस्से मजेदारच असतात. रेनो का हसला नाही कळलं नाही.

११ जानेवारी
तोइवोच्या बायकोने हेल्मीला फोन केला. तोइवोच्या पोटात गाठ निघालीय. काल सौनात त्याने सगळ्यांत आधी आम्हाला सांगितलं होतं.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दिवसभर जेवण गेलं नाही. पण अशी गोष्ट माणसाने जरा तोंड उघडून सांगावी.

१४ फेब्रुवारी, शनिवार
सौनात शंभरचा दिवा बसवला. कारण: आमच्या वयाला पाय घसरतो. ओठ दिसले की बोलणं कळतं, हा वरचा फायदा. तोइवोने विचारलं, माझं ऑपरेशन इथेच उरकतोस का? हे कळलं. म्हणजे दिवा उपयोगी आहे. त्यानंतर मात्र तीन म्हातारे एकमेकांची पोटं बघत बसलो. रेनोला अचानक काम आठवलं.

५ नोव्हेंबर २०१६, शनिवार
सौना आता एकट्याने. गर्दी हृदयाला बरी नाही. डॉक्टर असं म्हणाले नाहीत, पण विचारलं तर म्हणतील.
हेल्मीने पुन्हा मशीनचा विषय काढला. मी मुद्देसूद सांगितलं: वाफेने खराब होतं म्हणून सौनात ते काढून ठेवावं लागतं. जिथे मला गरज तिथेच चालत नाही, ती वस्तू घ्यायची कशाला? तिने विचारलं, आणि उरलेल्या सहा दिवसांचं काय? मी ऐकू न आल्यासारखं केलं. मशीनवाल्यांना ही सोय नसते.

२० मार्च २०१८
तोइवोला पुरलं. नंतर चर्चच्या तळघरात जेवण. सगळे एकदम बोलत होते. मी चेहरा हसरा ठेवला, मग कुठे बसलोय ते आठवून उतरवला. रेनोने माझा हात धरून काहीतरी सांगितलं. मी मान डोलावली. तो वाट बघत राहिला. प्रश्न असावा. शेवटी हात सोडून गेला.
ठराव: रेनोला फोन करणे. फोनवर ओठ दिसत नाहीत. तेव्हा पत्र.

११ जून २०१९, मंगळवार
डॉक्टरणीने घड्याळाचं चित्र काढायला लावलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, शाळकरी पोरासारखं. आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले. पेन भिकार होतं. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले, तेही पुटपुटत.
गाडीत हेल्मीला समजावलं, मेंदू ठणठणीत आहे, मला शब्द ऐकूच आले नाहीत. ती म्हणाली, मग चार वर्षं मी दुसरं काय सांगतेय? आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. गाडी पार्किंगमध्येच उभी होती म्हणून बरं. मला तिची दया आली. तिला आरामाची गरज आहे.
ठराव: रेनोला पत्र.

२ मे २०२०, शनिवार
सगळ्या गावाने तोंडाला फडकं बांधलंय. आता कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. जग शेवटी माझ्या पातळीवर आलं. मन शांत.

१३ फेब्रुवारी २०२१, शनिवार
मुलगी कारिन डेट्रॉइटहून आली, मशीन घेऊन. म्हणे बाबा, तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास. घातलं. भांड्यांचा आवाज टाळक्यात गेला. काढलं. ती म्हणे सवय व्हायला वेळ लागतो, रोज घाल. वस्तू चांगली आहे. चांगल्या प्रसंगासाठी खणात ठेवली.
ठराव: रेनो आणि तोइवोला सौनासाठी बोलावणे, तेव्हा घालणे.

ऑक्टोबर, शनिवार
सौना तापवला, तीन टॉवेल मांडले, दिवा काढून टाकला. दोन तास बसलो. दोघांपैकी एकही आला नाही. येत नसाल तर साधं कळवावं. हेल्मी म्हणाली, आज मंगळवार आहे. तोइवोबद्दलही काहीतरी म्हणाली, पण पुटपुटत.

शनिवार असावा
सकाळी कुणीतरी कानात मशीन घातलं. काय सांगू. शेगडीत लाकूड तडतडतं ते ऐकू येतं. छपरावरून बर्फ घसरला तेही. पानावर पेन चालतं त्याचासुद्धा आवाज आहे. ती तपासणारी पोरगी खोटं बोलत नव्हती.
ठराव: आजपासून रोज घालणे. वेळेवर घेतलं हे बरं झालं.
स्वयंपाकघरात एक बाई फोनवर बोलतेय. शब्दन् शब्द कळतो. म्हणतेय, कारिन, आता त्याला सगळं ऐकू येतं गं, पण सकाळी मला विचारलं, तुम्ही कुणाकडच्या? मग बोलायची थांबली. रडतेय. तेही ऐकू येतं. बिचारीवर काहीतरी मोठं संकट आलेलं दिसतं. हेल्मी बाहेरून आली की विचारीन.
बाई बोलते मात्र स्पष्ट. हेल्मीने हिच्याकडून शिकावं.