डाव्या हाताचा उतारा

बेळगाव, २ सप्टेंबर १९४६

ती. दादांच्या चरणी आकारामचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पलटणीच्या मुष्टियुद्धात मी शेवटच्या लढतीपर्यंत पोचलो. पण समोर कोण, तर आपले ज्ञानू दाजी! त्यांचा डावा हात तुम्हाला ठाऊकच आहे. सरळ नाकावर येतो आणि दिसायच्या आत परत जातो. सरावात मी कुस्तीच्या सवयीनं त्यांचं मनगट धरतो, मग उस्ताद माझ्या नावानं शिमगा करतात. दाजी मात्र हसतात. लग्नात माझा कान पिळलास, त्याचा वचपा काढतो म्हणतात. दादा, त्या कानापलीकडं त्यांना माझा हात कधी लागला नाही. काय करू ते लिहा.

आईला दंडवत. आपला आज्ञाधारक,
आकाराम

सांगली, ६ सप्टेंबर

ती. दादांना धाकट्या बनूचा नमस्कार.

ह्यांचं पत्र आलं. नवरा आणि भाऊ एकमेकांची नाकं फोडणार, मग मी गणपतीला नारळ बोलायचा तो कुणासाठी? सासूबाई म्हणतात, कप कुनीबी आणला तरी घरातच ऱ्हानार, रडतीस कशाला. मी हसते, पण जीव थाऱ्यावर नाही. गेल्या दिवाळीत आपल्या खळ्यात ह्यांना तो डावा हात तुम्हीच शिकवलात. आता आकारामला त्याच्यावरचा उतारा लिहून पाठवू नका. दोघांना आपापल्या अकलेनं लढू द्या. एवढं माझं ऐका.

माहेरच्यांनी लोभ कमी करू नये.
सौ. बनू

वडूथ, जि. सातारा, ११ सप्टेंबर

चि. आकाराम यास अनेक आशीर्वाद.

बनूचं पत्र आलं. तुला काही शिकवू नका म्हणते. तिचं मन कळतं, पण रिंगणात दाजी नसतो. पलटणीत असताना त्याच कपासाठी लढलो आणि गुडघा मोडून घरी बसलो, हे विसरू नकोस.

नीट वाच. मागं सरू नकोस, त्यांचा हात लांब आहे, मागच्या मागं मार खाशील. मनगट तर धरूच नकोस. ठोसा उजव्या तळव्यानं नुसता बाजूला सार, दुधावरची साय सारावी एवढाच. हात लांब फेकलास तर तुझंच तोंड उघडं पडेल. त्याच वेळी डोकं त्यांच्या हाताच्या बाहेर काढ. ज्ञानोबांची एक खोड आहे. डावा हात परत नेताना तो हनुवटीशी न जाता छातीवर उतरतो. मी कितीदा सांगितलं, मोडली नाही. त्या परतणाऱ्या हाताच्या मागोमाग आत शिर आणि उजवा सोड. बनूला यातलं काही कळवू नकोस.

घराचं नाव राख. तुझा,
लालासाहेब

बेळगाव, १ ऑक्टोबर

दादा,

तारेत सगळं मावलं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही सांगितलं तसंच झालं. हात छातीवर उतरला, मी आत शिरलो. दाजी मागं पडले आणि डोकं रिंगणाच्या फळीवर आदळलं. दोन दिवस इस्पितळात त्यांच्या उशाशी होतो. डोळे उघडले नाहीत. लढतीआधी माझ्या हातमोज्याची नाडी त्यांनीच बांधली होती. मनापासनं मार रं, लाजलास तर बनूला सांगीन, असं म्हणाले होते. कप मी साहेबांना परत दिला. बनूला काय तोंड दाखवू? तिला मी सगळं लिहिलं आहे, तुमच्या पत्रासकट.

आकाराम

सांगली, १२ ऑक्टोबर

ती. दादांना नमस्कार.

आकाराम रजेवर घरी आलाय, असं आईनं कळवलं. भाऊबीजेला त्याला इकडे पाठवा. विधवेनं ओवाळू नये, असं इथं सगळ्या बायका म्हणतात. म्हणू देत. पोरगं जेवत नाही, झोपत नाही. ह्यांनीच त्याला लाजू नको म्हणून सांगितलं होतं. मी ओवाळलं नाही, तर तोही माझ्या हातचा जाईल.

तुम्ही येऊ नका. दोघंही तुमचेच होते, दादा, आणि एकाची खोड तुम्ही दुसऱ्याच्या हाती दिलीत. मी एवढंच मागितलं होतं. ताट घेऊन उभी राहीन आणि समोर तुम्ही असाल, तर माझा हात वर जायचा नाही.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

गं. भा. बनू